उलटा हात

मे महिन्यात आमची खोली
रात्री तीनच्या सुमाराला चौतीस अंशांवर उतरते.
याहून थंड वेळ मिळणार नाही,
म्हणून आत्ता.

प्रोसेसर जुना. मुंजे चौकातल्या फैजानकडून घेतलेला.
"दीदी, अजून दम आहे याच्यात," म्हणाला होता,
वांग्याचं देठ दाखवावं तशा पिना दाखवत.

जुनी पेस्ट स्पिरिटनं पुसली,
नवी लावली, तुरीच्या दाण्याएवढी.
पंख्यातून ब्रशनं काढली सिमेंट रोडची धूळ
आणि कूलरच्या ताटीतून उडालेली वाळ्याची एक काडी.

मग वही. बाबांच्या दुकानातलीच, लाल पुठ्ठ्याची:
किती वेढे, कितीची तार,
"ढोमणेबाई, पंप. दुसऱ्यांदा जळला."
त्याच्याच पुढच्या कोऱ्या पानावर मी लिहिलं
बेचाळीस. सव्वा व्होल्ट. एकोणसत्तर अंश.

गोळीबार चौकात बाबांनी तीस वर्षं
जळालेल्या मोटरी उघडल्या.
वासावरून सांगायचे, पाण्यावाचून फिरली
की कुणी घाईनं जास्तीची ओढली.
शाळेतून आले की मी तिथंच, स्टुलावर.
"उलटा हात लाव, पोरी.
सुलटा हात चिपकते, उलटा सुटते."
आणि, "एका वेळी एकच बदलव.
दोन बदलवशील तं जळलं कायनं, कसं समजीन तुले?"

त्रेचाळीस. वीस मिनिटं पूर्ण भार. बाहत्तर.
चव्वेचाळीस. पंच्याहत्तर.
पंचेचाळीसला पडदा गोठला,
माउसचा बाण अर्ध्या वाटेत.
पोटात गोळा आला. चाळीस लग्नांचे व्हिडिओ कापून
जमवलेली ही मशीन.
बटण दाबून धरलं, सोडलं, परत दाबलं.
उठली.
गोठणं म्हणजे जळणं नाही,
यंत्र फक्त नाही म्हणतं, तेही मोठ्यानं नाही.

सव्वाच्या पुढे चिमूटभर व्होल्ट वाढवला.
सव्वा आणि दीड, यांच्यामध्ये
बाजारात पाव किलो बसतं,
इथे अख्खा प्रोसेसर.
पंचेचाळीस टिकलं. एकोणऐंशी.
शेहेचाळीस, आणखी एक चिमूट.
सत्त्याऐंशी, पण टिकलं!
कुणाला तरी उठवून सांगावंसं वाटलं.

चारला नळ आला. बाबा बादली घेऊन दारात.
कान आता अर्धेच, तरी पंख्याचा सूर बदललेला कळला.
"किती गेलं?"
"सत्त्याऐंशी."
"आन् खोली?"
"चौतीस."
बादली हिंदकळत होती, ते हिशेब करत उभे.
"दुपारी दोनले लाईन गेली, कूलर बंद,
हे तुहं चालते इन्व्हर्टरवर.
तवा किती रायते खोली?"

बेचाळीस.
मी बोलले नाही.
वरचे आठ अंश मी रात्रीकडून उसने घेतले होते
आणि कमाई म्हणून वहीत मांडले होते.

"मोटर रातची नाई बांधत," बाबा म्हणाले,
"दुपारची बांधतेत,"
आणि कूलरमध्ये पाणी ओतायला गेले.

शेहेचाळीस खोडलं. थोड्या वेळानं पंचेचाळीसही.
चव्वेचाळीसवर आले, सव्वा व्होल्टवर.
म्हणजे मूळच्याहून दोनच पायऱ्या.
फैजान हसेल.
एका लग्नामागे वाचतील सहा मिनिटं,
तेवढ्यात चहा होतो, कप विसळायचा राहतो.

डब्याच्या मागे, जिथून वारा बाहेर पडतो,
हात धरला, उलटा.
भरपूर गरम. ओढून घ्यावा इतका नाही.
वहीत तारीख टाकली, आकडे लिहिले,
खाली
दुपारी परत पाहणे.